‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी

तासगाव तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय: “आमची ग्रामपंचायत यंदा बिनविरोध झाली. गुलाल उधळला, गावाला निधी जाहीर झाला. आई मात्र विचारते, म्हणजे आता पाच वर्षं मत द्यायचंच नाही का? मी हे पारावर बोललो तर ‘भांडणं लावतोस’ म्हणाले. बिनविरोधला लोकशाही म्हणायचं का? आणि लोकशाही मुळात आपली आहे, की इंग्रज जाताना ठेवून गेले?”

मी ग्रामसेवक म्हणून लागलो, ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. माण, खटाव, कोरेगाव मिळून 31 वर्षं. राज्यशास्त्र शिकवणारा माणूस नाही. पण ग्रामसभांची प्रोसिडिंग, म्हणजे सभेची इतिवृत्तं, स्वतःच्या हाताने लिहिलीत, आणि त्यातली काही खोटी लिहिलीत, त्यामुळे या प्रश्नावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत, पण खरा प्रश्न तिसराच आहे आणि तो आईंनी विचारलाय. आमचं मत कुणी विचारलं का? बिनविरोध चांगलं की वाईट, लोकशाही देशी की परदेशी, यांची उत्तरं या तिसऱ्या प्रश्नावरून काढावी लागतात.

आधी बिनविरोधचं बघू. कायद्याने त्यात काही वावगं नाही. माघारीच्या दिवशी दुपारी तीन वाजल्यानंतर जागा नऊ आणि अर्जही नऊच उरले, तर निवडणूक अधिकारी सगळ्यांना विजयी घोषित करतो. मतदानच नाही, त्यामुळे ‘नोटा’चं बटणही नाही. प्रश्न एवढाच की दहाव्याने अर्ज मागे का घेतला.

इथे गावागावात फरक पडतो. मी एका गावात होतो, मतदार सहाशेच्या आसपास. आधीच्या निवडणुकीत डोकी फुटली होती, दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या बांधावरून जात नव्हते. पुढच्या वेळी गावकऱ्यांनी देवळात तीन रात्री बसून ठरवलं, प्रत्येक वाडीचा एक, आणि बायकांच्या जागांसाठी बचत गटाने नावं द्यायची. त्या तीन रात्री शिवीगाळ झाली, रुसवेफुगवे झाले, एक जण दोनदा उठून गेला आणि दोनदा परत आणला. शेवटी अर्ज तेवढेच आले. ते बिनविरोध मला मान्य आहे, कारण विरोध तिथे झाला होता. फक्त मतपेटीच्या आधी झाला.

दुसऱ्या एका गावात माघारीच्या दिवशी तहसील कचेरीच्या आवारात दोन गाड्या उभ्या होत्या. एका राखीव वॉर्डातल्या बाईंचा अर्ज होता. त्यांचा दीर, त्यांचा मुलगा आणि सोसायटीचा चेअरमन त्यांना घेऊन आले. बाईंनी माघारीच्या कागदावर सही केली आणि मला विचारलं, “भाऊसाहेब, आता झालं न्हवं? घरी जाऊ?” त्या गावानेही गुलाल उधळला. कागदावर दोन्ही गावं सारखीच.

तिसरा प्रकार लिलावाचा. सरपंचपदाची बोली लावायची आणि पैसा देवळाच्या जीर्णोद्धाराला द्यायचा. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मध्ये याच कारणाने रद्द केल्या. देवळासाठी का असेना, पद विकलं की विकत घेणारा वसुली करतोच.

म्हणून तुमचं गाव कुठल्या प्रकारातलं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकता. ज्यांनी अर्ज मागे घेतले त्यांच्या घरी चहाला जा, बायकांशी वेगळं बोला. तासाभरात कळेल.

आता इतिहास. “आपल्याकडे लोकशाही पहिल्यापासून होती” आणि “आपल्याला काय कळते लोकशाही, ती इंग्रजांची” ही दोन्ही वाक्यं मी प्रशिक्षणांत इतक्यांदा ऐकली आहेत की दोन्हींचा कंटाळा आलाय.

तमिळनाडूत उत्तरमेरूर म्हणून गाव आहे. तिथल्या देवळाच्या भिंतीवर दहाव्या शतकातला, चोळ राजा परांतकाच्या काळातला लेख आहे. गावच्या समित्यांवर माणसं कशी निवडायची ते त्यात लिहिलंय. ताडपत्रावर नावं लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाकडून काढून घ्यायची. हिशेब न देणारा अपात्र, हेही आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आदल्याच वर्षी मी असा प्रसंग पाहिला होता. एका वॉर्डात दोन्ही उमेदवारांना सारखी मतं पडली. नियमाप्रमाणे चिठ्ठी काढायची. स्टीलचा डबा मागवला, दोन चिठ्ठ्या सारख्या घड्या घालून टाकल्या, झाकण लावून हलवला आणि अंगणवाडीतल्या एका पोरीला बोलावलं. तिने दोन्ही चिठ्ठ्या एकदम उचलल्या. सगळे ओरडले, पोरगी रडायला लागली, पुन्हा पहिल्यापासून. हजार वर्षांपूर्वीच्या त्या देवळातही असं एखाद वेळी झालंच असणार.

पण त्याच उत्तरमेरूरच्या लेखात पात्रता काय आहे? स्वतःची जमीन हवी, घर हवं, वेदविद्या हवी. म्हणजे घडा सगळ्या गावाचा, पण चिठ्ठ्या ठरावीक घरांच्या.

आपल्याकडची गोतसभा, म्हणजे पाटील-बलुतेदारांची जुनी न्यायसभा, तीही तशीच. गावचा तंटा गोतापुढे जायचा, साक्षी व्हायच्या, निवाड्याचा महजर लिहिला जायचा. खाली पाटलाची नांगराची निशाणी, बलुतेदारांच्या आपापल्या कामाच्या निशाण्या. मला त्या कागदांचं कौतुक आहे. गावाने एकत्र बसून, पुराव्याने, लेखी निर्णय घ्यायची सवय इथे शेकडो वर्षं होती. मात्र कोण कुठे बसणार हे जन्माने ठरलेलं होतं. पाटलाचा मुलगा पाटील. बाई तर त्या कागदावर सहसा तंट्याचा विषय म्हणूनच यायची.

आणि इंग्रजांनी काय दिलं? मतपत्रिका, कायदेमंडळ, नियमांची पुस्तकं दिली. मत मात्र हात आखडून दिलं. 1935 च्या कायद्याखाली 1937 साली प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा सारा भरणारे, शिकलेले असे मिळून ब्रिटिश हिंदुस्थानात तीन-साडेतीन कोटी मतदार होते. तुमच्या-माझ्या आज्याला त्यात मत असण्याचा संभव कमीच.

त्याच काळात आपल्या भागात दोन गोष्टी घडल्या. दोन्ही तुमच्या घरापासून फार लांबच्या नाहीत.

पहिली औंधची. औंध संस्थान म्हणजे ठिगळं जोडल्यासारखं राज्य. औंध आज खटाव तालुक्यात, किन्हई कोरेगावात, आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडहून आलेले इंजिनिअर, जे गांधीजींकडे ‘भारतानंद’ झाले, यांनी मिळून राज्य प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं. गांधीजींशी सल्लामसलत झाली आणि जानेवारी 1939 मध्ये औंधची राज्यघटना लागू झाली. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याचं मंडळ, आणि तिथून वर संस्थानचं कायदेमंडळ. राजाने आपण होऊन आपले हात बांधून घेतले. लोकसंख्या जेमतेम पाऊण लाख, त्यामुळे आज कुणी दखल घेत नाही. पण वरून दिल्लीपर्यंत इंग्रजांचं राज्य असताना माणदेशातला शेतकरी गावचा कारभारी निवडत होता, हे लक्षात ठेवा. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ते प्रकरण संपलं.

दुसरी प्रतिसरकारची. 1942 च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूरला कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं पडली. त्यानंतर भूमिगतांनी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात समांतर सरकारच उभं केलं. (सांगली तेव्हा वेगळी नव्हती. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं.) किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही नावं तुम्हाला सांगायला नकोत. तूफान सेना नावाचं स्वयंसेवकांचं दल होतं, न्यायदान मंडळं होती, कमी खर्चात लग्नं लावली जात होती. कुंडल औंध संस्थानात असल्याने तिथे आडोसा मिळायचा, म्हणजे या दोन गोष्टींची गाठ अशी पडते.

माझ्या वडिलांच्या पिढीला प्रतिसरकारचा फार अभिमान. मलाही आहे. तरी त्याला सरसकट लोकशाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पत्र्या ठोकायच्या, म्हणजे तळपायांवर मारायच्या, शिक्षेवर अपील नव्हतं. पोलीस मागावर असताना चालवलेलं सरकार मतपेट्या मांडू शकत नाही, हे उघड आहे. पण एक मोठी गोष्ट तिथे झाली. इंग्रजांची कचेरी म्हणजे सरकार, हे समीकरण शेतकऱ्याच्या डोक्यातून गेलं. सरकार आपण बनवू शकतो, आणि आवडलं नाही तर झुगारूही शकतो. ज्याने एकदा कलेक्टरला ‘नाही’ म्हटलंय, तो पुढे आमदारालाही म्हणू शकतो.

माझ्या मते मोजपट्टी हीच. कुठल्या काळात किती माणसांना, मार न खाता, पोटावर पाय न येता ‘नाही’ म्हणता येत होतं? गोतसभेत काही जणांना. 1937 मध्ये सारा भरणाऱ्यांना. आणि मग एकदम सगळ्यांना.

ही ‘एकदम सगळ्यांना’ची गोष्ट आपण फार सहज घेतो. ऑक्टोबर 1951 ते फेब्रुवारी 1952 या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार 17 कोटींहून अधिक. देशात वाचता येणारे शंभरात अठरा. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली, तिच्यावर चिन्ह. चिन्ह बघायचं आणि त्या पेटीत कागद टाकायचा. उत्तरेकडच्या राज्यांत बऱ्याच बायकांनी यादीत स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. आयोगाने तशी 28 लाखांच्या घरातली नावं यादीतून काढून टाकली. कठोर वाटतं, पण त्यामागे एक विचार होता. मत घराला नाही, माणसाला आहे. पुढच्या वेळी नाव सांगून या. तुमच्या आईंच्या प्रश्नाचं मूळ मला तिथे दिसतं.

आता बाबासाहेबांकडे येतो, कारण त्यांचं आणि आपल्या जिल्ह्याचं नातं लोक फक्त 7 नोव्हेंबरला आठवतात, ते साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले म्हणून. दुसरी एक गोष्ट 1901 ची आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला. भीमराव आणि बरोबरची मुलं त्यांना भेटायला निघाली, मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि अट अशी की बैल मुलांनीच हाकायचे, गाडीवान पायी चालणार. रात्रभराच्या त्या प्रवासात जवळ डबा होता, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही. मसूरवरून मी शेकडो वेळा गेलोय. प्रत्येक वेळी त्या दहा वर्षांच्या पोराने हातात धरलेला कासरा डोळ्यांपुढे येतो.

तोच माणूस 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत म्हणाला की भारताला संसदीय पद्धत अनोळखी नाही, बौद्ध भिक्षुसंघात ठराव, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी), मतमोजणी सगळं होतं. म्हणजे ‘उसनी लोकशाही’ हे त्यांना मान्य नव्हतं. त्याच भाषणात त्यांनी बजावलं की 26 जानेवारीपासून आपण एका विसंगतीत शिरतोय: राजकारणात एक माणूस एक मत, आणि समाजात, पैशात मात्र विषमता. आदल्या वर्षी याच सभेत त्यांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं म्हटलं होतं. ग्रामपंचायतवाल्या आम्हा लोकांना ते वाक्य झोंबतं. झोंबावंच. गाव आपलं आहे म्हणून तिथला निर्णय न्यायाचा होतो, असं नसतं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल, पटकन सांगतो. 1958 चा ग्रामपंचायत कायदा, वसंतराव नाईक समिती, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा. 1993 मध्ये 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, बायकांना एक तृतीयांश जागा. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या. सरपंच थेट जनतेतून हे 2017 ला आलं, 2020 ला गेलं, 2022 ला परत आलं. वरचे लोक खेळ बदलत राहतात, प्रोसिडिंग बुक तेच राहतं.

त्या बुकाबद्दल माझा गुन्हा कबूल करतो. नोकरीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत ग्रामसभेला माणसं जमायची नाहीत. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी तेवढी गणपूर्ती लागते. वीस जण यायचे. मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून पुढच्या वेळी बारा जणांत सगळं मंजूर. नाहीतर शिपाई बुक घेऊन घरोघरी सह्या गोळा करायचा. मी प्रत्येक ठरावाखाली छापल्यासारखं लिहायचो: सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. कुणाचंही मत न घेता ‘सर्वानुमते’.

एका गावात गायरानात खडी क्रशरसाठी ना हरकत द्यायचा विषय होता. पंचवीसेक माणसं, मागे चार बायका. सरपंचांनी विचारलं, “सगळ्यांना मंजूर न्हवं?” माना हलल्या. मी लिहायला लागलो. मागून एक आक्का उठल्या, शेळ्या राखणाऱ्या. म्हणाल्या, “भाऊसाहेब, सगळ्यांना म्हणून लिहू नगा. माजं नाव त्यात घालू नगा. तितं माज्या शेळ्या चरत्यात.” सरपंच हसले. “बसा आक्का, एकटीनं काय हुतंय?” आक्का बसल्या नाहीत. “एकटी तर एकटी. पर लिवा.”

माझं पेन ‘सर्वा’पर्यंत आलं होतं. मी ते खोडलं, खोडलेल्यावर सही केली आणि लिहिलं: ठराव बहुमताने मंजूर, एका सभासदाचा विरोध, कारण चराई. सरपंच महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे वरच्या कचेरीत सुनावणी झाली तेव्हा तेवढ्या एका ओळीवर अधिकारी थांबले आणि चराईची चौकशी लावली. क्रशर आलाच, गोष्टीत होतं तसं काही झालं नाही. पण दोन एकर कुरण सोडून, ओढ्यापलीकडे आला.

आपल्याकडे ‘ना हरकत’ दाखल्याचा छापील नमुना असतो. हरकतीचा नसतो. ती तोंडाने सांगून, उभं राहून लिहून घ्यावी लागते.

आणखी एक उदाहरण, कारण तुमचे गावकरी म्हणतील की बहुमत झालं की संपलं. दारूदुकान बंद करण्यासाठी महिलांचं मतदान होतं, उभी बाटली आणि आडवी बाटली. तिथे झालेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं चालत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला लागतात. यादीत हजार बायका असतील तर 501. घरी बसलेली प्रत्येक बाई आपोआप दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. म्हणून त्या दिवशी आजारी म्हातारीलाही खुर्चीत बसवून आणतात. गप्प बसण्याची किंमत इतकी उघड मोजलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

तेव्हा तुमच्या गावाचं काय करायचं? निवडणूक झाली, ती उकरून काढू नका. निवडून आलेले लोक चांगलेही असतील. मतदान झालं नाही म्हणून विरोध संपला असं नाही, तो आता ग्रामसभेत करायचा. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे, त्याला ग्रामपंचायतीचा सदस्य असावं लागत नाही. विषयपत्रिका आधी मागा. तुमचा विषय लेखी द्या आणि पोच घ्या, शिक्का-तारखेसह. बोलताना माणसाचं नाव न घेता कामाचं नाव घ्या. “तुम्ही खाल्ले” म्हणालात तर भावकी उठेल, “गटाराचं मोजमाप वाचून दाखवा” म्हणालात तर टेप आणावी लागेल. सभा संपायच्या आत ठराव मोठ्याने वाचून घ्या. ‘सर्वानुमते’ आलं आणि तुम्हाला मान्य नसेल, तर तिथल्या तिथे सांगा. घरी आल्यावर सांगून उपयोग नाही. “भांडणं लावतोस” हे पहिल्या दोन सभांना ऐकावं लागेल. तिसऱ्या सभेला कुणीतरी हळूच म्हणेल, माझंही लिहा.

ग्रामसेवकावर, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, फार चिडू नका. तो तीन गावं सांभाळतो आणि त्याला सगळ्यांशीच राहायचं असतं.

आईंना एवढंच सांगा: ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा होते. तिची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, बहुतेक वेळा कोपऱ्यात, जुन्या कागदांखाली. शोधून काढा, वेळ बघा, आणि जाताना शेजारच्या दोघींना बरोबर घ्या. हजेरीच्या पानावर सही करताना पुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहायला सांगा.